भट्टीवरच्या कंडक्टरबाई

त्यांना कुणी 'योगशिक्षिका' म्हटलं की त्या मागे वळून बघायच्या, आपल्यामागे दुसरं कोणी उभं आहे का म्हणून. उभी नोकरी त्यांनी एसटीत कंडक्टर म्हणून काढली होती, बरीचशी कराड-पलूस रस्त्यावर. निवृत्त झाल्यावरही मलकापुरात त्यांची ओळख तीच होती आणि त्यांनाही तीच हवी होती. मुलानं पुण्याहून 'हॉट योगा' असा रंगीत बोर्ड करून पाठवला होता. तो बाईंनी वर्गाच्या खोलीतच, भिंतीकडे तोंड करून उभा करून ठेवला होता. "आलेल्याला म्हाईत असतंय आपण कुटं आलोय त्ये," एवढंच त्यावर म्हणायच्या.

खोली एका बेकरीच्या वर होती. खाली भट्टी, वर पत्रा. पहाटेचे पाव निघाले की भट्टीची धग तासभर तरी वरच्या फरशीतून येत राहायची. त्याच वेळी, साडेसहाला, आमचा वर्ग. वेगळा हीटर नाही, काही नाही. घामाच्या धारा लागलेल्या असताना नाकात खारीचा वास यायचा. त्या वासात पोट आत ओढून धरणं फार अवघड असतं. वर्ग सुटला की बेकरीवाले मामा जिन्याखाली टोस्टची बशी आणि चहा घेऊन उभे असायचे. दोन वर्षांत आमच्यातल्या एकीचंही वजन उतरलं नाही, याचं बाईंना काडीचं आश्चर्य वाटत नसे.

खोलीत आरसा नव्हता, घड्याळ नव्हतं, मंद संगीत तर नव्हतंच. एक बेल होती, भंगारातल्या गाडीची, दाराच्या चौकटीला ठोकलेली, तिला सुतळी. सिंगल बेल म्हणजे थांबा, डबल बेल म्हणजे पुढचं आसन. चौदा जणींच्या जागेत त्या बावीस जणी बसवायच्या. "म्होरं सरका, म्होरं. मदी लय जागा हाय." आमचे कोपर एकमेकींच्या बरगड्यांत जायचे. सुरुवातीला डोकी मोजायची, शेवटी पुन्हा मोजायची. आकडा जुळेपर्यंत कुणाला खाली सोडायच्या नाहीत. एकदा एक बाई शवासनात गाढ झोपली आणि चटईच्या गुंडाळ्यांमागे राहिली, तर आम्ही एकवीस जणी जिन्यात दहा मिनिटं ताटकळलो.

आसनांची नावं त्यांनी आपल्या सोयीनं ठेवली होती. त्रिकोणासन म्हणजे 'लगेज ठेवा'. वृक्षासन म्हणजे 'एका पायावर पलूस'. खुर्चीत बसल्यासारखं अधांतरी बसायचं ते 'शीट न्हाई मिळाली'. त्या स्वतः मात्र एकही आसन करून दाखवायच्या नाहीत. सहावारी साडी खोचून, हात मागे बांधून, चटयांमधल्या वीतभर वाटेनं फिरत राहायच्या. सांगलीहून एकदा योगप्रसार करणारे एक गृहस्थ वर्ग बघायला आले. पांढरे कपडे, कपाळाला गंध. त्यांनी बाईंना विचारलं, "आपण स्वतः कोणतं आसन उत्तम करता?" बाई म्हणाल्या, "आवं, कंडक्टर कवा गाडी चालवतोय व्हय?" गृहस्थ हसले. पाच मिनिटांनी सदरा पाठीला चिकटल्यावर त्यांनी घाईनं निरोप घेतला. बाईंनी डोक्यांचा आकडा एकानं कमी केला.

ही विद्या त्यांनी कुठून आणली, तर पुण्याहूनच. मुलाकडे महिनाभर राहायला गेल्या असताना सुनेनं त्यांना कौतुकानं एका गरम योगाच्या ठिकाणी नेलं. तिथे लोक बंद खोलीत घाम गाळत एका पायावर उभे होते. तासाभरात दोन तरुण मुलं बाहेर जाऊन बसली. बाई साडीत, होत्या तशा शेवटपर्यंत उभ्या. तिथल्या शिक्षिकेनं विचारलं, "तुमची साधना कुठली?" बाई म्हणाल्या, "कराड डेपो." मे महिन्यातली भरलेली गाडी, उघडत नसलेली खिडकी, डोक्यावर कुणाची तरी कोंबड्यांची पाटी आणि त्यातून शेवटच्या माणसापर्यंत जायचं, हे ज्याला जमलं त्याला ती खोली म्हणजे थंड हवेचं ठिकाण, असं त्यांचं म्हणणं.

मी शाळेत भूगोल शिकवते. माणसांबद्दल फार चटकन भारावून जायचा माझा स्वभाव नाही. मी त्या वर्गाला गेले ते पाठ आखडायची म्हणून, आणि टिकून राहिले ते माझ्या विहीणबाईंमुळे.

विहीणबाई मूळच्या वाईच्या, आता कराडात. माझी एकुलती एक लेक त्यांच्या घरात दिलेली. त्या सडपातळ, गोऱ्या, बोलायला मऊ. लग्नात मी त्यांना दिलेल्या साडीचा पदर त्यांनी सगळ्यांसमोर हळूच उलटा करून जर बघितली होती. पण मी ते बघितलं, आणि मी बघितल्याचं त्यांनी बघितलं. त्यानंतर आम्ही दोघी एकमेकींशी फारच गोड बोलू लागलो. मी वर्गाला जाते हे लेकीकडून कळल्यावर आठच दिवसांत त्याही आल्या, आणि बाईंनी त्यांना नेमकं माझ्या शेजारी बसवलं.

बाईंचा एक नियम होता: शेजारणीच्या चटईत बघायचं नाही. "आपापल्या तिकिटावर बसा." मी इतर कुणाच्या चटईत कधीच बघितलं नाही. त्या दिवशी पाय लांब करून बसायचं आणि पुढे वाकायचं चाललं होतं. विहीणबाई वाकल्या आणि त्यांचं कपाळ अलगद गुडघ्याला टेकलं. टेकल्यावर त्यांनी मान किंचित वळवून माझ्याकडे बघितलं. मुलीची आई म्हणून मी आयुष्यात पुष्कळ ठिकाणी वाकले होते. इथे मात्र कमी वाकून चालणार नव्हतं. मीही वाकले. फरशी तापलेली, अंग लोण्यासारखं झालेलं, काही म्हणता काही दुखलं नाही. फक्त उजव्या मांडीच्या मागे काहीतरी टचकन झालं. मी कपाळ टेकलं. खाली येऊन टोस्टही खाल्ला. स्कूटीवर बसायला पाय उचलला तेव्हा तो उचलला गेला नाही.

स्नायू चांगलाच ओढला गेला होता. डॉक्टरांनी सहा आठवडे विश्रांती सांगितली. दुसऱ्या दिवशी बाई घरी आल्या, खुर्चीत बसल्या, इकडचं तिकडचं काही बोलल्या नाहीत.

"कुणाच्या मागं पळत व्हता?"

मी म्हटलं, "कुणाच्या नाही. अंदाज चुकला."

"अंदाज न्हाई चुकत मास्तरणीचा," त्या म्हणाल्या. "माजी बी चूक हाय. दोन इहिणी एका शीटवर बसवाया नगं व्हत्या."

हे इथवर थट्टेचं होतं. पण लेकीला तेव्हा पाचवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्यात विचारायचंही नसतं. मी वरची खोली रंगवून घेतली होती, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली होती. आणि एक गोष्ट मी मनाशी पक्की धरून होते. बाळाला न्हाऊ घालायला बाई लावायची नाही, मी स्वतः घालणार. न्हाणीत पाटावर बसायचं, पाय सरळ लांब करायचे, नडग्यांवर बाळाला निजवायचं आणि वाकून तेल लावायचं, पाणी घालायचं. माझ्या आईनं माझ्या लेकीला असंच घातलं होतं. मी तेव्हा बाजेवर पडून ऐकत असायची. आता नेमकं तेच बसणं माझ्या पायानं काढून घेतलं होतं. पाय लांब करून बसले की मांडीच्या मागून कळ उठायची, आणि वाकायचं नावही काढवत नव्हतं.

विहीणबाई बघायला आल्या त्या सांज्याचा डबा घेऊन. लेकही बरोबर होती. चहा झाल्यावर त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "मी काय म्हणते विहीणबाई, तुम्हाला आता हे उठणं-बसणं कुठलं झेपायला? बाळंतपण आमच्याकडेच करू की. परकं का आहे कुणी?"

मी लेकीकडे बघितलं. ती 'नाही' म्हणेल असं मला वाटलं होतं. ती कपातल्या चहाकडे बघत राहिली. त्या दिवशी मला पायापेक्षा ते जास्त लागलं, आणि ते मी कुणाला बोलूनही दाखवलं नाही.

सहा आठवडे संपल्याच्या दुसऱ्या दिवशी मी जिना चढून वर गेले. मनात एकच होतं, दोन आठवड्यांत होते तशी व्हायचं. बाईंनी मला दारातच अडवलं. माझी चटई त्यांनी उंबऱ्याजवळ टाकली, दार बोटभर उघडं ठेवलं आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "म्याडम आजपास्नं हाफ तिकीट. अर्दं वाकायचं, अर्दं बसायचं. पुरं केलं तर खाली उतरवणार."

मला दरवाजातला वारा लागत होता आणि अपमानही. पलीकडे विहीणबाई व्यवस्थित घाम गाळत होत्या. तिसऱ्या दिवशी मला फार बरं वाटलं. ऊब अंगात मुरली होती, कळ नव्हती, मी हळूच पूर्ण वाकायला गेले. सिंगल बेल वाजली. बावीसच्या बावीस जणी होत्या तशा थांबल्या.

"दुखत न्हाई न्हवं?" बाईंनी विचारलं.

"अजिबात नाही."

"हितं न्हाईच दुखणार. हितं भट्टी हाय. हितं मेलेलं बी उटून बसंल. घरी जावा, सकाळच्याला उटल्या उटल्या गार फरशीवर बसा, पाय लांब करा, आन मग मला सांगा दुखतंय का न्हाई त्ये. त्यो खरा पाय तुमचा. ह्यो न्हवं."

दुसऱ्या दिवशी गार फरशीवर बसले. पाय निम्मा सरळ व्हायच्या आतच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून मी रोज सकाळी फरशीवर बसून बघायचे आणि बाई वर्गात रोज पहिला प्रश्न तोच विचारायच्या, "फरशी काय म्हणती?" खोटं सांगितलेलं त्यांना कळायचं. आयुष्यभर लोकांची तोंडं बघून 'तिकीट काढलं का' विचारणाऱ्या माणसापुढे खोटं बोलणं सोपं नसतं.

एक दिवस वर्ग सुटल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. "मला एक सांगा. डोस्कं गुडग्याला लावून तुमाला काय मिळवायचं हाय?"

मी सांगितलं. न्हाणी, पाट, नडग्या, सगळं. लेक गप्प बसली तेही सांगून टाकलं. का ते माहीत नाही, तोवर मी ते नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. बाई ऐकत होत्या. मग उठून खाली गेल्या आणि वर आल्या त्या पावाच्या पिठाचा एक मोठा गोळा घेऊन, स्वच्छ पंच्यात गुंडाळलेला. मामांच्या तराजूवर तीन किलो भरवून आणलेला.

"बसा," त्या म्हणाल्या. "ह्यो तुमचा नातू."

माझ्या गुडघ्यांखाली त्यांनी टॉवेलची गुंडाळी सरकवली, म्हणजे पाय थोडे वाकलेले राहतील. नडग्यांवर तो गोळा ठेवला. "कपाळ लावायचं न्हाई. हात बाळापतुर पोचलं की बास. त्याच्या म्होरं काय काम हाय तुमचं?" आणि खरोखर, त्याच्या पुढे माझं काही काम नव्हतं. इतके दिवस मी जिथे पोचायला धडपडत होते, तिथे बाळ नव्हतंच.

मग रोज ते सुरू झालं. बाकीच्या एकवीस जणी 'लगेज ठेवा' करायच्या आणि मी दाराशी बसून पिठाच्या गोळ्याला तेल लावल्यासारखं करायची. बाई उभ्या उभ्या सूचना द्यायच्या. "मान धरा. बाळाला मान नसती. खांदं ढिलं सोडा. सावकाश पालथं करा, पोतं न्हाई त्ये." टॉवेलची गुंडाळी दर आठवड्याला एका घडीनं बारीक व्हायची. पिठात यीस्ट घातलेलं असायचं आणि खोलीत धग, त्यामुळे वर्ग संपेपर्यंत गोळा फुगून पंच्याबाहेर यायचा. बाया हसून लोळायच्या. "बाळसं धरतंय," बाई गंभीरपणे म्हणायच्या. त्या पिठाचं मामा पुढे काय करत होते हे मी कधी विचारलं नाही, पण त्या काळात आमच्या घरी पाव मी दुसऱ्या बेकरीतून आणत होते.

विहीणबाई हे सगळं बघत होत्या. पहिल्यांदा त्या हसल्या, इतरांसारख्याच. नंतर हसायच्या थांबल्या. एकदा मी गोळा पालथा करताना तो सटकून त्यांच्या चटईकडे घरंगळला, तर त्यांनी हात लांब करून तो धरला आणि उठून परत माझ्या पायावर ठेवला.

डोहाळजेवण त्यांच्या घरी होतं. पंगत खाली, पाटावर. माझ्यासाठी त्यांनी खुर्ची ठेवली होती. ती मी बाजूला सरकवली आणि पाटावर बसले. सगळं जेवण मांडी घालून जेवले आणि हात न टेकता उठले. पाय ओढत होता, पण नेहमीचा ओढत होता. विहीणबाई तेव्हा तुपाचं भांडं घेऊन समोरच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "मग? न्यायला कधी येताय तिला?"

लेकीनं मान वर केली. ती रडत होती. तिला यायचंच होतं हे मला तेव्हा कळलं. माझा पाय बघून तिनं तोंड मिटलं होतं.

मुलगा झाला. तीन किलोला थोडा कमी. बारशाच्या आधी दोन दिवस, बेकरी बंद असल्याच्या दिवशी, बाई टोस्टचा पुडा घेऊन आल्या. विहीणबाई आदल्या दिवसापासून आमच्याकडेच होत्या. न्हाणीत पाणी काढलं होतं, मी पाटावर बसून पाय लांब केले होते. टॉवेलची गुंडाळी केव्हाच गेली होती. लेकीनं बाळ आणून माझ्या नडग्यांवर ठेवायचं तेवढं बाकी होतं. बाई न्हाणीच्या दारात उभ्या राहिल्या, हात मागे बांधून, वर्गात राहायच्या तशा.

मी जरा मिरवायच्या हेतूनंच विचारलं, "काय बाई, बरोबर बसलेय ना? तुम्ही कशा घालायच्या तुमच्या मुलाला?"

"मी कुटं घालती," त्या म्हणाल्या. "माजी सकाळची साडेपाचची गाडी असायची. सासू घालायची. मी ड्यूटीवरनं यायची तवा त्यो न्हाऊन, खाऊन, झोपल्याला."

"मग ते सगळं सांगत होता ते?"

"अंदाजानं." बाई बाळाकडे बघत होत्या. "मी कवा बगितलं बी न्हाई. सुट्टीच्या दिवशी म्हणाली एकदा सासूला, आज मी घालती. तर ती म्हणाली, तुला काय येतंय. मला खरंच येत न्हवतं."

लेक बाळ घेऊन उभी होती. पाणी निवत होतं. त्या पाटावर बसण्यासाठी मी चार महिने गार फरशीवर रडले होते. घरात कुणीही आलं असतं तरी मी तिथून उठले नसते. पण मी उठले.

"बसा, बाई."

"आवं, येडं का काय. मला खाली बसाया येत न्हाई आता."

"आम्ही बसवतो की," मागून विहीणबाई म्हणाल्या.

एका बाजूनं मी आणि दुसऱ्या बाजूनं त्या, अशा दोघींनी धरून त्यांना पाटावर बसवलं. साडी गुडघ्यापर्यंत सारली. नडग्यांवर फुगलेल्या निळ्या शिरा होत्या, उभ्या नोकरीच्या. लेकीनं बाळ त्यावर ठेवलं. बाईंचे हात अधांतरी राहिले. कुठून धरायचं ते त्यांना कळत नव्हतं.

"मान धरा," मी सांगितलं. "डाव्या हातानं. हां, अशी."

पहिला तांब्या पडला आणि बाळानं टाहो फोडला. बाईंनी हात आखडता घेतला. आमच्याकडे वर बघून त्यांनी विचारलं, "पानी कडत तर न्हाई न्हवं?"

विहीणबाईंनी बादलीत कोपर बुडवून बघितलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "घाला तुम्ही."